आजचं वाचन : गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३



आज दैवी संपत्तीची यादी वाचली. त्यात सत्य आहे, त्याला लागूनच अक्रोध, आणि पुढच्या श्लोकात क्षमा. वाचताना मनात आलं, हॉस्पिटलमध्ये उपचार करतानाच आपलं माणूस गेलं आणि डॉक्टरांची चूक वाटत असेल, तर भक्ताने काय करायचं? केस करायची, की ‘प्रारब्ध’ म्हणून हात जोडायचे?

मला एक जुना खटला आठवतो. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी साधारण २० वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता, जोर लावून पाय ओढून हाड बसवलं, प्लास्टर घातलं. त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६८ साली निकाल वडिलांच्या बाजूने कायम झाला. मृत्यू उपचारातल्या शॉकने झाला, डॉक्टरांनी सांगितलेलं दुसरं कारण खरं नव्हतं, असं ठरलं. भरपाई होती ३,००० रुपये.

एवढ्या पैशांनी मुलगा परत येत नाही, हे त्या वडिलांना कळत नव्हतं का? मला वाटतं, त्यांना खरं काय घडलं ते हवं होतं. आणि क्षमा तरी त्याशिवाय कशी करणार? काय झालं हेच माहीत नसेल तर ती क्षमा नाही, ते नुसतं गप्प बसणं झालं. प्रारब्ध हा शब्द आपलं दुःख सोसायला आहे, दुसऱ्याची चूक झाकायला नाही. उद्या त्याच टेबलावर आणखी कुणाचं तरी लेकरू असेल.

पण अक्रोधही सोडायचा नाही. प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नसतो. उपचार यशस्वी झाले नाहीत, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट केलंय. म्हणून वॉर्डात तोडफोड नाही, डॉक्टरांवर हात उचलणं तर नाहीच. आधी लेखी अर्ज करून केसपेपर मागायचे. नियमाप्रमाणे ते ७२ तासांत मिळायला हवेत. ते दुसऱ्या जाणकार डॉक्टरांना दाखवायचे. चूक दिसली, तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. चूक नसेल, तर तेही मान्य करायचं. हा भाग जास्त कठीण आहे.

आपल्यात कुणी डॉक्टर असाल, तर सत्याचा अर्थ तुमच्यासाठीही तोच. नातेवाइकांसमोर बसून खरं सांगणं, ही पण साधनाच.

आज जपाला बसाल तेव्हा एकदा स्वतःला विचारा : मी ज्याला क्षमा म्हणतोय, ती क्षमा आहे की भीती? या यादीतला पहिला गुण अभय आहे.

राम कृष्ण हरी.