बिनकपाळाची माणसे

‘याने लाज सोडली’ असे सांगायचे असले की रोमन माणूस म्हणे, ‘याने कपाळ चोळले.’ लाजेची लाली चेहऱ्यावर चढते. ती तळहाताने खसाखसा पुसून टाकली की पुढे काहीही करायला माणूस मोकळा. पहिल्या शतकातल्या मार्शल या कवीकडे हा वाक्प्रचार सापडतो, आणि त्याच्या आधी सिसेरोने कपाळाऐवजी तोंड चोळण्याची भाषा केली आहे. कपाळ हे लाजेचे घर, ही कल्पना लॅटिनमध्ये इतकी मुरली की पुढे निर्लज्जासाठी ‘एफ्रॉन्स’ हा शब्द रूढ झाला. ‘फ्रॉन्स’ म्हणजे कपाळ. ‘एफ्रॉन्स’ म्हणजे जणू बिनकपाळाचा. फ्रेंचांनी त्यावरून नाम घडवले आणि अठराव्या शतकाच्या आगेमागे ते इंग्रजीत आले, ‘एफ्रंटरी’ होऊन.

मराठी वाचकाला याची गंमत वाटेल. आपल्याकडे कपाळात नशीब असते आणि अब्रू नाकात. म्हणून आपला निलाजरा माणूस ‘नाक कापले तरी भोके आहेत’ म्हणत हिंडतो.

एफ्रंटरी म्हणजे निव्वळ उद्धटपणा नव्हे. उद्धट माणूस रागाच्या भरात बोलून जातो आणि रात्री त्याला झोप येत नाही. एफ्रंटरीला आधी काहीतरी आगळीक लागते आणि त्यानंतर मान खाली घालायला साफ नकार लागतो. उधारी बुडवणे हा एक गुन्हा. पण ज्याची बुडवली त्याच्याच दारात जाऊन, ‘आणखी पाचशे द्या, आणि चहा टाका’ म्हणणे, ही एफ्रंटरी. मराठीत तिची छटा ‘वर’ या दोन अक्षरांत नेमकी येते: चूक करायची ती करायची, आणि वर तोंड वर करून बोलायचे.

या शब्दाची थोरली बहीण ‘इम्प्युडन्स’. तिच्या पोटात लॅटिनमधली लाज आहे आणि पुढे नकार. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या पाद्र्याच्या तोंडी पापांची लांबलचक यादी घातली, तेव्हा इम्प्युडन्सला त्याने गर्वाच्या झाडाची एक फांदी ठरवले. स्वतःच्या पापाची लाज वाटू नये इतका ताठा, असा त्याचा अर्थ. म्हणजे तेव्हा हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. आत्म्याच्या तब्येतीचा होता.

हीच लाज पुढे विज्ञानाच्या टेबलावर आली. थॉमस बर्जेस या वैद्याने 1839 मध्ये लाजेने लाल होण्यावर अख्खे पुस्तक लिहिले. माणसाचे आतले पाप गालांवर उघड व्हावे म्हणून परमेश्वरानेच ही सोय केली आहे, असे त्याचे म्हणणे. डार्विनला ते पटले नाही. भावनांच्या आविष्कारावरच्या 1872 च्या ग्रंथात त्याने लाजून लाल होण्याला सर्वांत मानवी आविष्कार म्हटले, पण कारण वेगळे दिले: दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील, हा विचार. लाजेला दुसऱ्याचा डोळा लागतो. मग बिनकपाळाचा माणूस म्हणजे तो डोळा ज्याच्या खिजगणतीत नाही असा.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. हे जुने शब्द उणिवेचे आहेत. कुणाला लाज नाही, कुणाला कपाळ नाही. आपलेही तसेच: निर्लज्ज, निलाजरा, बेशरम. काहीतरी असायला हवे होते, ते नाही. इंग्रजीत याला जुना अपवाद पितळेचा. ‘किंग लिअर’मध्ये केंट एका कारभाऱ्याला पितळी तोंडाचा म्हणून झाडतो. मात्र एकोणिसाव्या शतकात अशा शब्दांची रांगच लागली. निर्लज्जपणा आता माणसाकडे ‘असू’ लागला. अमक्याकडे ‘चीक’ आहे, म्हणजे गाल आहे. तमक्याकडे ‘नर्व्ह’ आहे. अमेरिकेत कुणाकडे ‘गॉल’, म्हणजे पित्त. काल जी उणीव होती, ती आज ऐवज झाली. आणि ज्याच्याकडे ऐवज असतो, त्याचा हेवा करायला लोकांना फार वेळ लागत नाही.

यिडिशमधून इंग्रजीत आलेल्या ‘खुत्स्पा’ने ही वाट पुरी केली. मूळ हिब्रूत तो शिवीसारखाच. मसीहा येण्यापूर्वीच्या वाईट दिवसांत खुत्स्पा माजेल, असे मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ बजावतो. तरी त्याच परंपरेतल्या तालमूदमध्ये, खुद्द स्वर्गापुढे केलेला खुत्स्पाही कामी येतो, असे एक वचन आहे. लिओ रॉस्टन याने 1968 च्या ‘द जॉइज ऑफ यिडिश’मध्ये त्याची व्याख्या एका जुन्या विनोदाने केली: आईबापांचा खून करून जो कोर्टात अनाथ म्हणून दयेची भीक मागतो, त्याच्याकडे खुत्स्पा आहे. शब्द खरोखरच कोर्टातही पोचला. 1972 मध्ये जॉर्जिया राज्याच्या अपील न्यायालयाने तो वापरला. खटला होता बंदुका चोरण्यासाठी थेट शेरीफचे कार्यालय फोडल्याचा. 1998 मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या लेखणीतून तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. दरम्यान 1991 मध्ये वकील अॅलन डर्शोविट्झ यांनी ज्यूंनी अमेरिकेत ताठ मानेने जगावे असे सांगणारे पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘खुत्स्पा’. आज नवउद्योजकाच्या कौतुकातही तो शब्द सर्रास येतो.

हा बदल केवळ नीतीच्या घसरणीचा म्हणावा, तर ते खरे ठरणार नाही. एफ्रंटरीचा आरोप बहुतेकदा वरून खाली होत आला आहे: मालकाचा नोकरावर, बापाचा मुलावर, राज्यकर्त्याचा रयतेवर. 1888 मध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. दागदागिन्यांनी लगडलेल्या पाहुण्यांत जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. त्या पंगतीतल्या कुणाकुणाला ती एफ्रंटरी वाटली असेल. पण अनाथाच्या विनोदातला खून इथे कुठेच नाही. आधीची आगळीक नाही. आहे ती फक्त न झुकलेली मान. दोन्हींसाठी इंग्रजी आज एकच शब्द वापरते, आणि बनेल माणसाला नेमके तेच सोयीचे पडते.

मराठीने हा प्रवास इंग्रजीच्या किती तरी आधी केला आहे. संस्कृतात ‘धृष्ट’ म्हणजे निर्लज्ज. धनंजयाच्या ‘दशरूपका’त धृष्ट हा नायकाचा एक प्रकार आहे: दुसरीकडे रात्र काढल्याच्या खुणा अंगावर मिरवत जो घरच्या स्त्रीसमोर उभा राहतो, तो. प्राकृतातून येता येता त्याच शब्दाचा हिंदीत ‘ढीठ’ झाला आणि मराठीत ‘धीट’. हिंदीने जुना राग धरून ठेवला. ढीठ म्हणजे कोडगा, सांगून न ऐकणारा. मराठीने मात्र आरोप मागे घेतला आणि कौतुकाने पाठ थोपटली. नागपूरसारख्या गावात, जिथे दोन्ही भाषा एकाच जिन्यावर भेटतात, तिथे मोठ्यांना उलट प्रश्न विचारणारी सात वर्षांची पोर शेजारच्या चाचींच्या लेखी ढीठ असते आणि तिच्या आजीच्या लेखी धीट. दोघीही एकच शब्द वापरत असतात.