थिजलेल्या जीवाला ऊब हवी

परमेश्वराच्या सृष्टीत कोणताही जीव क्षुद्र नाही. ज्या रातकिड्याकडे आपण एरवी लक्षही देत नाही, तोसुद्धा दुःखात सापडलेल्या माणसाशी कसे वागावे हे शिकवून जातो.

थंडी एका मर्यादेपलीकडे गेली की अनेक कीटक थिजतात. कितीही डिवचले तरी हलत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, संपला. पण ती मूर्च्छा असते. शरीरातील क्षार आणि पाणी योग्य जागी राखण्यासाठी पेशी अखंड राबत असतात. गारठ्यात हे काम मंदावते. सोडियम आणि पाणी आतड्याकडे सरकते, पोटॅशियम रक्तात साचते आणि स्नायू निकामी होतात. अशा जीवाला आळशी म्हणता येईल का?

ऊब मिळाली की कीटक हळूहळू पाय हलवतो आणि उठून उभा राहतो. रातकिड्यांच्या अभ्यासात मात्र असे आढळले की, तो उभा राहतो तेव्हाही आतले संतुलन पूर्ण सावरलेले नसते. ते काम नंतरही चालूच राहते आणि त्यासाठी बरीच शक्ती खर्ची पडते.

आपण इथेच चुकतो. तेरावा झाला, वहिनी स्वयंपाकाला लागल्या, धंदा बुडालेला भाऊ कामावर जाऊ लागला, की आपण म्हणतो, "आता सावरले." मग येणेजाणे थांबते, विचारपूस संपते. खरे तर आतील झुंज तेव्हा अर्धीही झालेली नसते. उभा राहिलेला प्रत्येक जण सावरलेला असतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट. फळांवरील चिलटांसह अनेक कीटकांवर प्रयोग झाले आहेत. सलग थंडीत ठेवलेल्या कीटकांपेक्षा, ज्यांना मधूनमधून थोडा वेळ ऊब मिळाली ते अधिक संख्येने जगले. थंडी पुन्हा येतच होती, पण त्या थोड्या वेळात शरीराने आपली हानी भरून काढली. उलट, फार काळ थिजून राहिलेला कीटक ऊब मिळूनही उठत नाही. म्हणून विलंब नको.

कुणाचे दुःख दूर करणे कदाचित आपल्या हाती नसेल, पण रोज थोडी ऊब देणे नक्कीच आहे. उपदेश नको, घाई नको. शेजारी बसावे, दोन घास एकत्र खावेत, एक फोन करावा. आपले स्वतःचे मन गोठले असेल, तर रोजची थोडा वेळ केलेली प्रार्थना हीच ती ऊब. लगेच फरक दिसला नाही तरी ती सोडू नये. आत काम सुरू झालेले असते.

आजच आठवून पाहूया, "आता ठीक आहे" असे समजून आपण कुणाला विसरलो आहोत? त्याच्या दारी आजच जाऊया. हीच खरी सेवा, हीच साधना.