दाखल्यावरचा आकडा



बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपली धावपळ सुरू होते. राज्य शासनाने २०२४ साली इतर मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण शिक्षण फी माफ केली. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते.

पण धाकटी डहाणूच्या नाखव्याकडे पगाराची पावती कुठली? जून-जुलैत मासेमारी बंद. एरवीही जाळ्यात काय येईल, ते दर्यालाच ठाऊक. त्यातून डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा. मग स्वयंघोषणापत्र भरताना कुणीतरी कानात सांगतो, "कमीच लिही. सगळेच लिहितात. सरकारचा पैसा, कुणाचे काय जाते?"

हिशेब न जमणे वेगळे आणि हिशेब लपवणे वेगळे. प्रामाणिक अंदाज थोडा चुकला तर ते पाप नव्हे. मात्र जाणूनबुजून घटवलेला आकडा म्हणजे सहीनिशी दिलेली खोटी साक्ष, आठव्या आज्ञेचा भंग. काही शिष्यवृत्त्या मोजक्याच असतात. आपण घेतलेली एक कदाचित तलासरीच्या एखाद्या मजुराच्या लेकराची असेल.

उलट, पात्र असूनही लाजेपोटी अर्ज न करणारेही आहेत. हक्काची मदत मागण्यात कमीपणा कसला?

तेव्हा मुलांना शेजारी बसवा, वर्षाचा जमाखर्च वहीत मांडा आणि जो आकडा येईल तोच लिहा. कॉलेजला जाण्याआधीचा तो त्यांचा पहिला धडा ठरेल.