सूट कोणी दिली?

दसरा उलटला की कल्याणच्या पुढचा लोहमार्ग म्हणजे एक लांबलचक जाहिरातच होऊन जातो. विठ्ठलवाडी मागे पडते, उल्हासनगर मागे पडते, आणि अंबरनाथपासून बदलापुरापर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मजल्यांची चित्रे उभी राहिलेली दिसतात. चित्रातले झाड ताडाचे असते, चित्रातले कुटुंब चौघांचे असते, आणि ते चौघेही हसत असतात. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : दिवाळीनिमित्त चार लाखांची सूट! कुठे मुद्रांक शुल्क बिल्डर भरणार, कुठे स्वयंपाकघर सजवून मिळणार, कुठे ताब्याबरोबर सोन्याचे नाणे. गाडीत लोंबकळत उभा असलेला माणूस ते वाचतो आणि मनातल्या मनात आकडेमोड करू लागतो.

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आता घर कोणी बांधत नाही. ते विकत घेतो. त्यामुळे घराच्या बाबतीतला आपला प्रश्नही बदलला. पूर्वी विचारीत, ‘घर कसे झाले?’ आता विचारतात, ‘केवढ्याला पडले?’ आणि उत्तर देणारा जरा छाती फुगवून सांगतो, ‘चाळीसचा फ्लॅट छत्तीसला मिळाला.’ जणू छत्तीस लाख त्याने दिलेच नाहीत; चार लाख मात्र मिळवले!

आठवीच्या वर्गाला मी गणितात सूट आणि कमिशन शिकवतो. हिशेब फार सोपा असतो. छापील किंमत घ्या, तीतून सूट वजा करा, उरते ती विक्री किंमत. मुलांना हे प्रकरण आवडते, कारण त्यात चुकण्यासारखे फारसे काही नाही. परंतु पुस्तकातील एकही उदाहरण दोन प्रश्न विचारीत नाही. पहिला प्रश्न : ही छापील किंमत कोणी छापली? दुसरा प्रश्न : वजा केलेली रक्कम गेली कुठे? घराच्या बाबतीत हेच दोन प्रश्न खरे. बाकीची नुसती वजाबाकी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तसे अवघड नाही. आपल्या भागात छापलेली किंमत बहुधा आजच्या घराची नसते, उद्याच्या घराची असते. कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत आखलेली मेट्रो कागदावर उमटली की जाहिरातीत ती धावू लागते. होऊ घातलेला रस्ता ‘पाच मिनिटांवर’ येतो. कोणाची पाच मिनिटे, हे मात्र गुलदस्त्यातच राहते. उद्याचे हे सारे आज किमतीत धरायचे आणि मग सणाचे निमित्त करून त्यातून थोडे सोडायचे, ही विक्रीची जुनी रीत आहे. कापडबाजारात ती चालते, कारण लुगडे हातात घेऊन चोळून पाहता येते. इथे चोळून पाहायला चित्राखेरीज काही नसते. म्हणून ज्याला घराचे मोल करायचे आहे त्याने फलकावरची किंमत आधी विसरून जावी. शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात झालेल्या खऱ्या व्यवहारांची नोंद पाहावी, सरकारी बाजारमूल्याचा दर पाहावा, आणि भिंतींच्या आतले चटईक्षेत्र स्वतः मोजावे. एवढे केले की चार लाखांच्या सुटीतले दोन-तीन लाख बहुधा तिथेच विरून जातात.

पण उरलेल्या सुटीचे काय? कधीकधी सूट खरीच असते. बांधकामासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज बिल्डरच्या मानगुटीवर बसलेले असते. घरे पडून राहण्यापेक्षा चार पैसे कमी घेतलेले त्याला परवडतात. असे असेल तर ही सूट त्याने आपल्या नफ्यातून दिली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घेणाराने आनंदाने घ्यावी. प्रश्न उभा राहतो तो सूट नफ्यातून आलेली नसते तेव्हा. मग ती कुठून येते? माझ्या मते किंमत अशी सहसा नाहीशी होत नाही. एका खात्यावरून ती दुसऱ्या खात्यावर जाते, इतकेच. सवंग घराची उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते. तो माणूस विक्रीच्या करारावर सही करायला मात्र बसलेला नसतो.

उल्हासनगरचीच गोष्ट घ्या. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे तिथल्या बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी कष्टाने एक बाजारपेठ उभी केली. हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे. पुढे वस्ती वाढली, जागा तेवढीच राहिली, आणि बराकींच्या जागी परवानगीची वाट न पाहता इमारती उठू लागल्या. घरे स्वस्त मिळाली. का मिळाली? नकाशाच्या मंजुरीचा खर्च वाचला, मोकळी सोडायची जागा वाचली, आणि पुष्कळ ठिकाणी मालातही वाचवले गेले. साडेआठशेहून अधिक बेकायदा इमारती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हा हजारो संसार रस्त्यावर येण्याची वेळ आली. शेवटी २००६ मध्ये खास उल्हासनगरासाठी ही बांधकामे नियमात बसवण्याचा कायदा करावा लागला. कायद्याने कागद नियमित झाला. सिमेंट आणि लोखंड मात्र होते तसेच राहिले. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि वरच्या मजल्याचा भार खालच्या मजल्यांवर घेऊन आला. माणसे दगावली. त्या इमारती सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या होत्या.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी एक घर स्वस्तात घेतले. त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील. त्या सुटीचे बिल आले ते पंचवीस वर्षांनी, आणि ते ज्यांच्या नावावर आले त्यांतल्या कित्येकांचा त्या सौद्याशी सुतराम संबंध नव्हता. कोणी त्या वेळी जन्मलेलेही नसेल, कोणी भाड्याने राहायला आलेले असेल. बांधणारा पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. आजच्या कायद्यातही इमारतीच्या मजबुतीची बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची आहे. घराचे कर्ज मात्र वीस वर्षांचे असते, आणि माणसाचे राहणे त्याहून लांबचे.

आता कोणी म्हणेल, ‘ते दिवस गेले. २०१७ च्या १ मेपासून महारेराचा कायदा लागू आहे. नोंदणी क्रमांक पाहिला की झाले.’ कायदा चांगला आहे यात शंका नाही. चटईक्षेत्र सांगणे त्याने बंधनकारक केले, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याला मनाई केली. पण शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत काय झाले ते आठवा. खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून बांधलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांत घर घेणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. त्यांनी क्रमांक पाहिला होता, बँकांनी कर्जही दिले होते. क्रमांक पाहणे आणि त्या क्रमांकामागचा मंजूर नकाशा नगरपालिकेत जाऊन पडताळणे यांत दोन दिवसांच्या रजेचे अंतर आहे. त्या दोन दिवसांचा आळस फार महाग पडतो.

माणसांचे झाले, नदीचेही एक खाते असते. उल्हास नदी वर्षातले अकरा महिने शहाण्यासारखी वाहते. तिच्या काठची जमीन स्वस्त असते, आणि ‘नदीदर्शन’ या शब्दाला मात्र भाव असतो. २६ जुलै २००५ रोजी तिने बदलापुरात आपली जागा परत मागितली. पुन्हा जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पूररेषा नकाशावर आखलेली असते. जाहिरातीतल्या चित्रात ती कधी दिसत नाही. त्या रेषेच्या आत भराव घालून घर स्वस्त मिळाले, तर ती सूट नदीच्या पात्रातून काढलेली आहे. आणि भरावाने ढकललेले पाणी ज्याच्या दारात शिरते तो बिचारा जुन्या वाडीतला असतो. त्याने ना घर घेतले, ना सूट.

आणि तिसरे खाते आपल्याच घरातले असते. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. जवळच्या उपनगरातल्या घरापेक्षा इथल्या घरामुळे रोज येऊन-जाऊन दोन तास अधिक लागतात असे धरू. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे; म्हणजे वर्षाचे सहाशे तास, म्हणजे अहोरात्र पंचवीस दिवस. वीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत पाचशे दिवस गाडीत उभ्याने गेले. हे पाचशे दिवस कोणाचे? नोकरी करणाऱ्याचे, हे उघडच आहे. परंतु सकाळच्या गाडीचा डबा ज्या हातांनी भरायचा त्या हातांना पहाटे चारला उठावे लागते. पाणी ज्या वेळी येईल त्या वेळी कोणीतरी जागे राहावे लागते. आणि रात्री बाप घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते. ‘चार लाख वाचवले’ म्हणणाऱ्याने हे चार लाख घरात कोणाकडून घेतले, हे एकदा जेवताना विचारून पाहावे.

एवढे ऐकून एखाद्या वाचकाला वाटेल की लेखकाचा सल्ला घर घेऊ नये असाच दिसतो. मुळीच नव्हे. दादर-पार्ल्याच्या गच्चीवर बसून ‘बदलापूर म्हणजे फार लांब हो!’ म्हणणाऱ्यांचे मोजमापही जाहिरातीइतकेच खोटे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर आणि दोन मुले यांच्यात जिने संसार केला, तिला स्वतःच्या न्हाणीघराच्या कडीची किंमत विचारा. दहावीच्या मुलीला अभ्यासाला एक बंद होणारे दार मिळाले, त्या दाराची किंमत कोणत्या दरपत्रकात आहे? म्हातारीने खिडकीत तुळस लावली आणि पलीकडे डोंगर दिसला, तर त्याला भाव नाही म्हणून मोलही नाही असे कोण म्हणेल? उल्हासनगरच्या बराकींना बाजारात काय किंमत होती? त्यांत राहणाऱ्यांनीच तिथे मोल निर्माण केले. घराचे मोल पुष्कळसे असे राहण्यातून येते, आणि ते छत्तीसात घेतलेल्या घरातही येते, साठात घेतलेल्यातही.

म्हणून लांबच्या गाडीचा त्रास आणि अपुरे पाणी यांमुळे घर स्वस्त मिळत असेल, आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, समजून-उमजून ‘आम्ही सोसू’ असे म्हटले असेल, तर तो सौदा मला चोख वाटतो. किंमत आपली, खाते आपले, सही आपली. त्याला स्वस्त म्हणू नये, एवढेच. थोडी रोख आणि थोडी कष्टांत दिलेली अशी ती पूर्ण किंमत आहे. पण सूट जर लोखंडातून, पूररेषेतून किंवा खोट्या शिक्क्यातून आलेली असेल, तर ज्यांना विचारलेच नाही अशांच्या नावावर आपण उधारी करीत आहोत. त्यांत शेजारी आहे, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड आहे, आणि आपलाच अजून न जन्मलेला नातू आहे. ‘मला कुठे ठाऊक होते?’ असे पुढे म्हणता येते खरे. पण ज्या गोष्टीसाठी आपण आयुष्याची कमाई ओततो, ती इतकी स्वस्त का, हे विचारायला आपण विसरलो, यावर विश्वास ठेवणे जरा कठीण आहे. पुष्कळदा आपण विसरत नाही. उत्तर ऐकायची भीती वाटते.

भाजी घेताना आपण एवढे बेसावध नसतो. मेथीची जुडी नेहमीपेक्षा निम्म्या दरात मिळाली तर घरची बाई पहिल्यांदा ती उलटून आतली पाने पाहते. विकणारी लबाडच आहे असे तिचे म्हणणे नसते. स्वस्ताईला कारण असते, एवढे तिला ठाऊक असते. कारण पटले, म्हणजे बाजार उठायची वेळ झाली आहे, तर ती हसून जुडी पिशवीत टाकते. घराच्या बाबतीतही तेवढेच करायचे आहे. फलकावर किती सूट आहे हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ती कोणी दिली, हे लिहिलेले नसते. ते विचारावे लागते. बिल्डरला विचारावे, नगरपालिकेत विचारावे, जुन्या वाडीतल्या म्हाताऱ्याला पुराचे पाणी कुठवर आले होते ते विचारावे, आणि सर्वांत शेवटी पण सर्वांत नीट, घरातल्या माणसांना विचारावे. चौघांची उत्तरे जुळली, तर खुशाल किल्ली घ्यावी, दाराला झेंडूचे तोरण बांधावे, आणि पहिली पणती लावावी.