वीजजाळे आणि दासोह

वीजजाळ्याचा मूळ नियम असा : ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढी तयार व्हावी लागते. हा तोल भारतात सेकंदाला 50 आवर्तनांभोवती राखला जातो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्ही वाहिनी जोडली गेली आणि देशाची पाचही विभागीय जाळी एकतालात आली. तेव्हापासून किल्लारीचा कृषिपंप आणि केरळातला दिवा एकाच लयीवर चालतात.

सूर्य दिवसा देतो. मागणी संध्याकाळी चढते. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा सौर वीज देण्याचा मार्ग धरला आहे. उरलेली तफावत भरून काढायला बॅटऱ्या आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्या मदत करतात.

मग सर्वांच्या सूर्याची वीज कोणाची? बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही जोडी मांडली : श्रमाने मिळवावे, गरजेपुरते ठेवावे, उरलेले समाजाला द्यावे. या कसोटीवर रात्री दुसऱ्याच्या घरी पोचणारा साठा हा संग्रह नव्हे, ठेव ठरतो. सौर प्रकल्पाची जमीन एका गावाची आणि उजेड मात्र दुसऱ्याचा, अशी व्यवस्था या कसोटीला उतरत नाही.