अंक आणि संख्या

“हे गणित नव्हे, नुसती अंकांची करामत,” असा शेरा एका सुविद्य स्नेह्यांनी १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येवर मारला, आणि तो बरेच दिवस मनात सलत राहिला. नऊ एके ओळीने मांडून त्यांचा वर्ग केला की ही सतरा अंकी संख्या येते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तिचे कोणते गुण कोणत्या सदरात दाखल करावेत, हा प्रश्न तितका सोपा नाही.

संख्येचा स्वभाव निराळा आणि तिचे लेखन निराळे, हा भेद मला प्रथमपासून प्रिय आहे. ही संख्या पूर्ण वर्ग आहे, ३, ३७ व ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव आहेत, तिला ४५ विभाजक आहेत. हे तिचे मिरासी हक्क, ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी अबाधित राहणारे. याउलट ती दोन्हीकडून सारखीच वाचता येते, आणि अंकांची बेरीज जी ८१, तिने तिला निःशेष भाग जातो म्हणून ती हर्षद संख्या ठरते; हे गुण मात्र दशमान लेखनाचे. गणिती प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘अपॉलॉजी’त ८७१२ आणि ९८०१ या संख्या आपापल्या उलट्या रूपांच्या चौपट व नऊपट असल्याचा दाखला घेऊन, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरापुरत्याच, असा फैसला दिला.

येथे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण होते. ‘हर्षद’ हे नाव त्यांचेच, आणि आपली संख्या ज्या डेम्लो कुळातली, त्या कुळाचे नाव त्यांनी डोंबिवली स्थानकावरून ठेवले. विद्यापीठाच्या पाठबळावाचून या गृहस्थांनी आयुष्यभर अंकांचा जो व्यासंग केला, तो निव्वळ कोड्यांसाठी होता, हे मानावयास मन तयार होत नाही.

गुणाकार कागदावर मांडून पाहावा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, स्तंभांत एके साचत जातात, मधल्या स्तंभात बरोबर नऊ जमतात आणि हातचा कोठेच येत नाही. दहा एके घेतले की हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी विस्कटलेली ओळ पदरी पडते. परंतु आठाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी आठाआठांनी घरे मोजून लिहिले असता, हेच सात एक्यांचे होते: उत्तर १२३४५६७६५४३२१, अंकांची बेरीज सातांचा वर्ग, आणि तिने भागही जातो. कारण पाया कोणताही असो, त्याहून एकाने कमी इतके एके मांडले की त्या संख्येला त्या एकाने कमी संख्येने भाग जातोच. हार्डींची ९८०१ तरी एकाकी कोठे आहे? आठाच्या पायावर ७६०१ ही १०६७ ची सातपट आहे.

उपपत्तीवाचून सोडलेला एकटा दाखला कोडेच राहतो, इतपत हार्डींचे म्हणणे मला मान्य आहे. पण जो नियम सर्व पायांना सारखाच लागू पडतो तो लेखनाचा उरत नाही, संख्यांचा होतो. आणि म्हणून माझा प्रिय भेदही मला आता पूर्वीइतका पक्का वाटत नाही. वाचकांनी सहाच्या पायावर पाच एक्यांचा वर्ग स्वहस्ते करून पाहावा आणि मगच करामतीचा शेरा मारावा.