दुर्बळाच्या नावाचे द्रव्य

माझी एक भाची इंग्लंडात प्राथमिक शाळेत शिकवते. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर ओटीवर बसलो असता तिने विचारले, "मामा, तुम्ही न्याय-मीमांसा शिकलात, गावोगाव कीर्तनात धर्म-अधर्म सांगता. मग मला एवढं सांगा. आमच्याकडं गरीब पोरांच्या नावानं सरकार शाळेला जास्तीचा पैसा देतं. आमच्या शाळेनं त्या पैशातून एक शिक्षिका ठेवली, आणि ती तर साऱ्या वर्गाला शिकवते. एकाच्या नावचं ताट दुसऱ्याला वाढलं, असं नाही का होत?" मी म्हटले, उद्या सांगतो. कीर्तनकाराला उत्तर आले नाही की तो उद्या म्हणतो, हे घरात सर्वांना ठाऊक, ती हसली. तो उद्या उजाडायला मला दोन महिने लागले. तोवर तिच्याकडून त्या व्यवस्थेची सारी हकिकत काढून घेतली. ती आधी सांगतो, कारण वस्तुस्थिती कळल्यावाचून धर्मनिर्णय करू नये.

तिकडे २०११ सालच्या एप्रिलपासून ही योजना सुरू झाली. तिला 'प्युपिल प्रीमियम' म्हणतात. ज्या मुलांना घरच्या गरिबीमुळे शाळेत फुकट जेवण मिळण्याचा हक्क आहे, तेवढी डोकी मोजायची आणि दर डोक्यामागे ठराविक रक्कम शाळेला द्यायची. पहिल्या वर्षी ती ४८८ पौंड होती. २०२५-२६ सालाला प्राथमिक शाळेसाठी १,५१५ पौंड आहे आणि माध्यमिक शाळेसाठी १,०७५. आईबापांपासून दुरावून सरकारच्या सांभाळात असलेल्या मुलामागे २,६३०. लहानांना जास्त आणि मोठ्यांना कमी, हे मला फार आवडले. रोपाला पाणी वेळेवर घातले तर झाडाला घागरी ओताव्या लागत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. २०१२ पासून आणखी एक शहाणपण केले: मागल्या सहा वर्षांत एकदा जरी मुलाचे नाव त्या यादीत आले असेल, तरी त्याचा पैसा चालू राहतो. बापाला चार महिने काम लागले म्हणून पोराचे मागे पडलेले वाचन काही चार महिन्यांत भरून येत नाही.

आता बघा, शाळेत अशी तीस मुले असली तर वर्षाचे पंचेचाळीस हजार पौंड होतात. एका शिक्षिकेचा खर्च त्यातून जेमतेम निघतो. पण हा पैसा मुलाच्या हातात पडत नाही, त्याच्या बापाच्याही नाही. तो शाळेच्या हाती येतो. आणि सरकारचाच नियम असा की ज्याच्या नावाने आला त्याच्यावरच, माणशी वाटून, खर्च करण्याचे बंधन नाही. यादीत नसलेल्या पण अडचणीत असलेल्या मुलालाही त्यातून मदत करता येते. उदाहरणार्थ, घरी आजारी आईची शुश्रूषा करून शाळेत येणारे पोर. मात्र काय केले आणि का केले, याचा लेखी जबाब शाळेने दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा लागतो.

माझ्या मनात पहिल्याने आला तो पूर्वपक्ष असा. धर्मशास्त्रात निक्षेप म्हणून एक प्रकरण आहे. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती ज्याची त्याला जशीच्या तशी परत करायची. तिचा उपभोग ठेवून घेणाऱ्याने घेतला तर तो चोर. त्या न्यायाने पाहिले तर गरिबाच्या पोराचे १,५१५ पौंड हा शाळेकडे ठेवलेला निक्षेप, आणि त्यातली पै दुसऱ्याकडे गेली की अधर्म झाला. भाचीच्या मनातला प्रश्न हाच होता, आणि पंधरा दिवस मीही तिच्याच बाजूचा होतो.

पण हा पक्ष टिकत नाही. मुलाला पौंड नको आहेत, विद्या हवी आहे. तेव्हा ही ठेव पेटीत ठेवायची नव्हे. सोनाराकडे दागिना घडवायला दिलेल्या सोन्याची तिला उपमा द्यावी. सोनार सोने वितळवतो. आपण दिलेली वेढणी जशीच्या तशी परत आली तर आपणच त्याच्यावर रागावू. चार गिऱ्हाइकांचे सोने एका मुशीत वितळले तरी एक वेळ चालेल. पण परत देताना ज्याचे त्याला वेगळे तोलून दिले पाहिजे, आणि कसही तोच उतरला पाहिजे. वितळवताना एकत्र आणि तोलताना वेगळे. भाचीच्या शाळेचा सारा न्याय-अन्याय या दोन क्रियांत आहे असे मला वाटू लागले.

याचा उलटा दाखला तिनेच दिला. पैसा गरीब पोरासाठी आला ना, मग त्याच्याजवळ एक मदतनीस बाई बसवा, असे बऱ्याच शाळांना प्रथम सुचते. वरवर पाहता यात खोट काय आहे? पैसा त्याचा, बाई त्याची. परंतु २००३ ते २००८ या काळात लंडनच्या शिक्षणविद्यापीठातील प्राध्यापक पीटर ब्लॅचफर्ड यांच्या मंडळींनी शेकडो वर्ग पाहिले, तेव्हा असे दिसून आले की ज्या मुलांना मदतनिसाचा आधार सर्वांत जास्त मिळाला त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. कारण फार साधे आहे. मदतनीस आली की शिक्षिकेची नजर त्या पोरावरून उठते. त्याला एक माणूस मिळाला खरा, पण त्याचा गुरू गेला. शिवाय ती बिचारी बाई दयाळू, शिकवण्याचे शिक्षण तिला फारसे कोणी दिलेले नाही. पोर अडले की ती उत्तरच सांगून टाकते. वही भरते, पोर रिकामे राहते. म्हणजे ज्याला सर्वांत निष्णात वैद्य हवा त्याला आपण कंपाउंडरकडे पाठवले, आणि वर हिशेब चोख, की पै न् पै रोग्यावरच खर्च झाली! (पुढे अशाच बायांना नीट तयार करून, आखून दिलेला पाठ दोन-चार मुलांना रोज ठरलेल्या वेळी घ्यायला लावला, तेव्हा मुलांचे भले झालेलेही दिसले. दोष बाईचा नव्हता.)

दुसरा दाखला न्याहारीचा. शाळा भरण्यापूर्वी मुलांना फुकट न्याहारी द्यावी, असा एक प्रयोग तिकडे शंभरावर प्राथमिक शाळांत झाला, आणि २०१६ साली त्याचा अहवाल आला. सहा-सात वर्षांची मुले वाचनलेखनात, गणितात सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेली. गंमतीची गोष्ट पुढेच आहे. न्याहारीला न येणाऱ्या मुलांचेही त्यातून भले झाले असावे, असे अभ्यासकांना वाटले. कारण चार भुकेली पोरे चुळबुळायची थांबली की साऱ्या वर्गाला ऐकू येते. आमच्या शास्त्रात याला देहलीदीप न्याय म्हणतात. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतल्या खोलीला उजेड देतो आणि बाहेरच्या ओसरीलाही. आत उजेड पडला म्हणून ओसरीचा कमी होत नाही. चांगली शिक्षिका हा असा दिवा आहे. तिच्या शिकवण्याने सुखवस्तू घरचे पोरही चार अक्षरे जास्त शिकले, तर गरिबाच्या पोराचे त्यात काही चोरीला गेले नाही.

तर मग भाचीला निश्चिंत राहा म्हणून सांगावे? नाही. कारण हा न्याय फार सोयीचा आहे, आणि सोयीच्या न्यायाची मला भीती वाटते. दिवा उंबऱ्यावर ठेवला असेल तरच तो न्याय लागू. माजघरात लावलेला दिवा परसातल्या खोलीलाही पुरतो, असे माजघरात बसणाराच म्हणतो. सटन ट्रस्ट नावाच्या संस्थेच्या पाहणीत दर खेपेस काही मुख्याध्यापक कबूल करतात, की हा पैसा आम्ही शाळेच्या तुटीत घातला. छप्पर गळत होते, पगार भागत नव्हते. मी त्यांना लुच्चे म्हणत नाही. गळके छप्पर गरिबाच्या पोरावरही गळते. पण सर्वांचे झाले की त्याचेही झाले, हे वाक्य ज्या दिवशी शाळेत न तोलता बोलले जाते, त्या दिवशी मुशीतले सोने कोणाचे हे विसरले गेले म्हणून समजावे. शितावरून भाताची परीक्षा करतात, ती भात एका आचेवर शिजलेला असतो म्हणून. वर्गातली पोरे एका आचेवर नसतात. वर्गाची सरासरी वाढली, याने यादीतल्या तीस पोरांचे काय झाले ते कळत नाही. ते तीस वेळा, एकेकाजवळ बसूनच पाहावे लागते. त्या देशात प्राथमिक शाळा संपताना गरीब आणि इतर मुलांतले अंतर २०११ पासून काही वर्षे हळूहळू कमी होत गेले, आणि २०२० च्या महामारीत शाळा बंद राहिल्यावर पुन्हा वाढले. पैसा दोन्ही वेळा येतच होता.

एकेकाला पाहायचे म्हटले की एकेकाचे नाव घ्यावे लागते. इथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे.

मी पाचवीत असताना फीच्या सवलतीसाठी बापाच्या उत्पन्नाचा दाखला शाळेत द्यावा लागे. एके दिवशी गुरुजी म्हणाले, "सवलतवाले उभे राहा." आम्ही नऊजण उभे राहिलो. गुरुजींनी मोजले, लिहिले, बसा म्हणाले. दोन मिनिटांचे काम. त्यात दुष्टपणा तिळभर नव्हता, नऊजणांची फी त्यांनीच खटपट करून माफ करून घेतली होती. पण शेजारी बसणाऱ्या मित्राने खालून वर माझ्याकडे पाहिले ते आज पन्नास-पंचावन्न वर्षांनीही मला दिसते. पुढल्या वर्षी मी बापाला दाखला आणू दिला नाही. आईने शेळी विकून फी भरली. मला हक्काने मिळणारे द्रव्य मीच नाकारले, आणि त्याची किंमत आईने दिली.

पुढे संस्कृत पाठशाळेत गेलो. तिथे माधुकरी मागावी लागे. पण ती सर्वांनी. सावकाराचा मुलगा झोळी घेऊन माझ्यापुढे चाले. तिथे मला कधी लाज वाटली नाही.

इंग्लंडात २०१४ च्या सप्टेंबरात हेच घडले म्हणा ना. पहिल्या तीन इयत्तांतल्या सर्व मुलांना सरकारने दुपारचे जेवण फुकट केले. लाज संपली. पण दुसरीकडे घोटाळा झाला: जेवण मिळतेच आहे तर गरिबीचा अर्ज कशाला भरायचा, असे आईबाप म्हणू लागले, अर्ज नाही तर यादीत नाव नाही, नाव नाही तर शाळेला पैसा नाही. म्हणून आता भाचीच्या शाळेत दर सप्टेंबरला चिठ्ठी जाते, की जेवण मिळणारच आहे, तरी कृपा करून अर्ज भरा. आणि २०१८ साली मिळकतीची जी मर्यादा घातली गेली ती वर्षाला ७,४०० पौंडांची. त्याच्या जरासे वर गेलेले घर काही श्रीमंत नव्हे, पण यादीबाहेर. यादीबाहेरच्या अशा पोरालाही हात देता यावा म्हणून तरी मुशीत थोडे मिसळू द्यावे लागते.

नाव घेतल्यावाचून तोलता येत नाही, आणि नाव घेतले तर पोर मान खाली घालते. या पेचातून मला वाट दाखवली ती कोणत्या ग्रंथाने नव्हे, आमच्या दिंडीतल्या एका वाढप्याने. दिंडीत भिशी कोणी भरली, कोणी भरली नाही, हे वहीत असते. ती वही पंगतीत कोणी उघडत नाही. इतके सगळ्यांनाच माहीत आहे. पण हा वाढपी आणखी काही करी. तो भाकरीची टोपली घेऊन पंगतीतून निघाला की दात नसलेल्या म्हाताऱ्यांपुढे भाकरीआधी मऊ भात पडलेला असे. कोणाला विचारायचा नाही, कोणाचे नाव घ्यायचा नाही. अठरा दिवसांच्या वाटेत शे-दीडशे माणसांची तोंडे त्याने पाठ करून टाकली होती. एकदा मी विचारले, कसं रे ध्यानात राहतं? तर म्हणाला, महाराज, वाढताना मी ताटाकडं बघत नाही, तोंडाकडं बघतो.

भाचीला हे सारे फोनवर सांगितले. तुझी शिक्षिका साऱ्या वर्गाला शिकवते यात पाप नाही, म्हटले; मात्र त्या तीस पोरांची नावे तिच्या मनात आहेत का, आणि वर्षाखेर त्यांना वेगळे तोलता का, ते बघ. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "नावं तिला पाठ आहेत, मामा. एक पोरगा 'स' आणि 'श' यांत अडकायचा, त्याला ती रोज दप्तर आवरताना दोन शब्द वाचायला लावते, कोणाला कळतसुद्धा नाही. पण तिची नेमणूक एका वर्षाचीच आहे. उन्हाळ्यात ती जाणार, आणि तिला जे पाठ आहे ते वहीत कुठंच लिहिलेलं नाही."

यावर मी पुन्हा उद्या सांगतो म्हटले आहे.